सासूबाई दाराबाहेर आल्या तेव्हा

लग्नाला नऊ वर्षं झाली तरी माझ्या सासूबाई माझ्याशी थेट एक शब्द बोललेल्या नव्हत्या. मंद्रूपहून आमच्या सोलापूरच्या घरी आल्या की डोक्यावर पदर घेऊन स्वयंपाकघराच्या दाराआड उभ्या राहायच्या आणि माझ्या मुलीकरवी निरोप धाडायच्या, "बापूस्नी इचार, शेंगाची चटनी तिखट झाली का?" मी उत्तर द्यायचो. पण ते पोरीच्या तोंडून पुन्हा ऐकल्याशिवाय त्यांना पोहोचायचं नाही. मला हसू आवरत नसे. माझी बायको रेखा चिडायची. "हसू नका. जावयाम्होरं बाईनं बोलू न्हाय, असं आईचं हाय."

आता त्या नाहीत. पण त्यांची आठवण निघाली की मला एकच दुपार दिसते.

दोन मुलांनंतर रेखाला पुन्हा दिवस गेले. आम्हाला तिसरं नको होतं. बाईडॉक्टरांनी तपासून गोळ्या दिल्या आणि दोघांना समोर बसवून समजावलं. कळा येतील, पाळीपेक्षा जास्त रक्त जाईल, गाठी पडतील. मग कमी होत होत आठवडा-दोन आठवडे थोडं थोडं दिसत राहील. पण तासाला दोन पॅड भिजली आणि सलग दोन तास तसंच चाललं, किंवा चक्कर, ताप आला, तर तडक या. मी मान डोलावली आणि सासूबाईंना बोलावून घेतलं. बायकांचं बायका बघतील, असा माझा हिशेब.

त्या दुपारी मी टॉवेलच्या कारखान्यातून सुट्टी काढून बाहेरच्या खोलीत क्रिकेट बघत बसलो होतो. सुट्टी काढली याचंच मला कोण कौतुक! आतून रेखाचा बारीक आवाज आला, "आई, त्यांना नको सांगू. रक्त जातंच म्हणाल्यात डॉक्टर."

आणि सासूबाई बाहेर आल्या. डोक्यावर पदर नव्हता. वर्तमानपत्रावर भिजलेली दोन पॅड घेऊन त्या टीव्हीच्या पुढ्यात उभ्या राहिल्या. मी मान फिरवली.

"तोंड फिरवू नका, बापू. बगा!" त्या माझ्या डोळ्यांत बघत म्हणाल्या. "ही एका तासातली. त्याच्या आदल्या तासाला बी दोन. सकाळी गाठी पडल्या तवा मी गप बसले, त्ये व्हायचंच असतंय. ह्ये त्यातलं न्हाय. उटा, रिक्षा आना."

रक्त बघून हादरलो की तो आवाज ऐकून, मला अजून सांगता येत नाही. पायांत चपला न घालताच मी रस्त्यावर धावलो.

दवाखान्यात रेखाला सलाईन लावलं, आत राहिलेला तुकडा काढला. संध्याकाळी बाईडॉक्टर बाहेर येऊन म्हणाल्या, "रक्त थांबलंय. वेळेत आणलंत." मी लहान पोरासारखा रडलो.

सासूबाई माझ्याच बाकावर बसल्या होत्या. मग त्यांनी शोभाचं नाव काढलं. शोभा म्हणजे रेखाची थोरली बहीण. आमच्या लग्नाआधीच ती काविळीनं गेली, असं मला सांगितलेलं होतं.

"कावीळ न्हवती," त्या म्हणाल्या. "तिनं बी गोळ्या घेतल्या व्हत्या, कुना डाक्टरला न इचारता. दिसभर रगत गेलं. मी तिच्या उशालाच व्हते. दारात जीप हुबी व्हती, थोरलं जावई भाईर वट्ट्यावर बसल्यालं. त्येनला सांगाय मला लाज वाटली."