वडिलांच्या हातातली किल्ली

दुष्काळाच्या त्या वर्षांत माझा राग कायम नाकाच्या शेंड्यावर असायचा. शहरातल्या आमच्या गारखेड्यात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येई. गल्लीपलीकडे मात्र इमारतींवर इमारती उठत होत्या आणि त्यांच्या सिमेंटला टँकर अगदी वेळेवर यायचा. आमच्यापेक्षा वाईट हाल पाचोड गावाचे. पैठणचं धरण त्यांच्याच तालुक्यात, पण पाइपलाइन आमच्या शहराकडे. तिथं माझी आत्या एकटी राहायची. तिच्या विहिरीनं तळ दाखवला, तसे वडील दर आठवड्याला आमच्या नळाचं पाणी चार कॅनमध्ये भरून, माझ्या गाडीतून तिला नेऊन द्यायला लागले. ते तहसील कचेरीतून निवृत्त झालेले, माझ्याकडेच राहायचे. मी कंपनीच्या बसनं कामाला जायची, त्यामुळे गाडी चालवायचे तेच.

उन्हाळ्याच्या तोंडाला गाडीत जळक्या तेलाचा वास येऊ लागला. पळत्या गाडीत नाही, पण सिग्नलला थांबलं की डॅशबोर्डच्या जाळीतून भसकन नाकात शिरायचा. वडिलांनीच जास्त तेल ओतलं, असा मी लगेच निकाल लावून मोकळी झाले. त्यांना बॉनेट उघडून इंजिनातलं तेल मोजायची पट्टी बघायची खोड होती आणि डिकीत तेलाचा डबाही असायचा.

"बाबा, किती ओतलंत?"

"थेंबभर बी नाय. नुसती पट्टी बघतो. उलट तेल कमी व्हायलंय."

"मग वास काय हवेतून येतोय?"

"सर्व्हिसिंगपासून येतोय. इंजिन साफ करून बघाय पायजे, कुठून पाझरतंय ते."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सर्व्हिसिंग मीच करून आणली होती आणि काउंटरवर ठणकावून सांगितलं होतं की गाडी धुवायची नाही, इंजिनाला तर पाणी लावायचंच नाही, इथं माणसांना प्यायला नाही. आमच्या कॉलनीत तेव्हा मळकी गाडी मिरवायची टूमच निघाली होती. काचेवरच्या धुळीत बोटानं 'पाणी वाचवा' लिहायचं. माझ्याही काचेवर ते होतं. आणि हे म्हणतात, साफ करा. दर आठवड्याला बहिणीसाठी पाणी वाहणाऱ्या सत्तरीतल्या माणसाला मी पाण्यावर भाषण दिलं आणि शेवटी हात पुढे केला. किल्ली द्या. त्यांनी दिली.

पुढच्या आठवड्यापासून ते एसटीनं जाऊ लागले. दोन पिशव्यांत पाच-पाच लिटरचे दोन कॅन, एक या हातात, एक त्या हातात. मला ते दिसत होतं. "सुट्टीला मी सोडते," असं मी दोनदा म्हणाले आणि दोन्ही सुट्ट्यांना झोपून राहिले. दोन महिने हे असं चाललं.

वडील गाडीला हात लावत नव्हते, बाजारहाटाला मीच चालवत होते, तरी वास काही जाईना. सर्व्हिसिंगवाल्यानं बॉनेट न उघडताच इंजिन खोलावं लागेल असं सांगितलं, तेव्हा मी गाडी शहागंजकडच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे नेली. त्यानं बॉनेट उघडलं आणि पोराला महिनाभर आंघोळ न घालणाऱ्या आईकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं. बायपासची सगळी धूळ तेलात कालवून इंजिनावर थापली गेली होती.

"मॅडम, इसको साफ कायकू नै करे?"

मी पाण्याचं कारण सांगितलं.

"पानी कौन बोला? इसको चिंधी लगती."

घासलेटात भिजवलेल्या चिंधीनं त्यानं अर्ध्या तासात इंजिन पुसून काढलं, कोरडं केलं, वर अंगाला लावायची पावडर भुरभुरली आणि गाडी चालू ठेवली. थोड्या वेळानं इंजिनाच्या डोक्यावरच्या झाकणाखालून पांढऱ्या पावडरीत एक काळी रेघ उतरली, ती थेट तापलेल्या सायलेन्सरच्या नळीवर. धूर निघाला, आणि तोच वास. सर्व्हिसिंगमध्ये ते झाकण उघडलं होतं आणि जुनंच, कडक झालेलं रबरी पॅकिंग परत बसवलं होतं. मिस्त्रीनं नवं बसवलं आणि वास गेला. पाण्याचा एक थेंब लागला नाही.

सर्व्हिसिंगवाल्याला मी फोनवर जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. त्याला बोलणं सोपं होतं.

सुट्टीला मी स्वतः चार कॅन भरले आणि वडिलांना घेऊन पाचोडला गेले. आत्या दारातच म्हणाली, "बरं झालं बाई, तू आणलंस. ह्याला आता दिसंना झालंय म्हनं. डोळ्यापायी गाडी सोडली, ऐकून लई वाईट वाटलं बघ."

वडील पाठमोरे कॅन उतरवत होते. मोतीबिंदू काढून वर्ष झालेलं, नजर माझ्यापेक्षा चांगली. पोरीनं किल्ली काढून घेतली हे बहिणीला सांगावं लागू नये म्हणून त्यांनी स्वतःला आंधळं करून घेतलं होतं. मला संताप आला, आणि लाज वाटते सांगायला, पण आधी त्यांचाच आला.

"आत्या, डोळे चांगले आहेत त्यांचे," मी म्हणाले. "किल्ली मी काढून घेतली होती. चूक माझी होती."

आत्यानं वडिलांच्या हातांकडे बघितलं.

निघताना मी किल्ली त्यांच्यापुढे धरली. "बाबा, तुम्ही चालवा."

"गाडी तुझी हाय," ते म्हणाले. मागचं दार उघडून ते रिकाम्या कॅनशेजारी बसले. पाचोडपासून गारखेड्यापर्यंत माझ्या शेजारची सीट मोकळी राहिली आणि पगारी ड्रायव्हरसारखी मी गाडी चालवत आले.