दोन सेटिंग्जपैकी एक

मुलांनो,

हे मी मुद्दाम मराठीत लिहिते आहे. इंग्रजीचा मला सराव जास्त. शाळा-कॉलेज त्यातच झालं आणि केंद्र सरकारच्या नोकरीत जन्मभर टिपणंही त्यातच लिहिली. पण हा विषय इंग्रजीत मांडायचा म्हणजे आधीच हार मानल्यासारखं होईल. वाचायला जड गेलं तर तुमचा बाबा वाचून दाखवेल.

आत्ताच लिहिण्याचं कारण तुम्हीच दिलंत. मागे एका रविवारी फोनवर मोठीने विचारलं, अर्थात इंग्रजीत, की आम्ही लहानपणी खरंच मराठी बोलायचो का, की आई-बाबा उगीच सांगतात? आणि मागून धाकट्याने ओरडून सांगितलं की तो तर कधीच बोललेला नाही. मला ते लागलं. मी म्हटलं, "पुरावा आहे माझ्याकडे. दोघांचाही. पाठवते." तो पाठवायला मला जे करावं लागलं त्याचा राग अजून गेलेला नाही. तो गेला की मी सगळं गोड करून सांगेन, म्हणून आत्ताच लिहिते.

पुरावा आजोबांच्या जुन्या फोनमध्ये होता. आजोबांना तेव्हा ऐकू कमी येऊ लागलं होतं आणि यंत्र लावायला ते तयार नव्हते. दर रविवारी तुमचा फोन यायचा, आजोबा "अच्छा, अच्छा, बिल्कुल" म्हणत राहायचे आणि फोन ठेवल्यावर मला विचारायचे, "काय म्हणाली गं ती?" तुमच्या बाबाने त्यावर उपाय काढला. प्रत्येक फोन आपोआप टिपला जाईल आणि आजोबा नंतर कानाला हेडफोन लावून, हवा तितका आवाज वाढवून, सावकाश ऐकतील.

पण दोन्हीकडचा आवाज टिपायला फोन परवानगी देत नव्हता. बाबाने मला समजावलं ते असं: फोन आपण विकत घेतला तरी त्याच्या आतल्या भागात कंपनी आपल्याला शिरू देत नाही. तिथे शिरण्याचा अधिकार मिळवण्याला रूट करणं म्हणतात. सुट्टीत इथे आमच्या घरी, मयूर विहारला आला असताना त्याने जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून तो अधिकार मिळवला. टिपलेले फोनही त्याने त्या आतल्या भागातच ठेवले, म्हणजे दुसऱ्या कुठल्या ॲपला ते ऐकता येऊ नयेत. "मुलांचे आवाज आहेत, आई," म्हणाला. मला पटलं.

पुढे आजोबांनी कानाचं यंत्र घेतलं, पुन्हा ऐकण्याची गरज संपली. टिपणारं ॲप मागे आपलं काम करत राहिलं. काही वर्षांनी नवा फोन आला आणि जुना कपाटात गेला.

तो मी बाहेर काढला तेव्हा बॅटरी फुगून त्याची पाठ उघडली होती. असा फोन चार्जिंगला लावायचा नसतो, एवढं मला माहीत आहे. आम्ही दोघं बाजारातल्या दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याने बॅटरी बदलली, फोन चालू केला, आणि पडद्यावर इंग्रजीत एक इशारा आला: या फोनचं कुलूप उघडलेलं आहे, त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

"आंटीजी, ये तो रूटेड है," दुकानदार म्हणाला आणि फोन काउंटरवर असा ठेवला जसा काही तो ओला होता. "फॉरमॅट करा लो. मक्खन की तरह चलेगा."

"मुझे चलाना नहीं है, भैया. इसमें से कुछ निकालना है."

"तो फिर हम हाथ नहीं लगाते. कल को आप बोलोगे, हमने उड़ा दिया."

आजोबांना मात्र त्याने जाता जाता एक सल्ला दिला, की ॲप अडलं तर त्याचा डेटा क्लिअर करा, नव्यासारखं होतं. मी पैसे देत होते, मी ते ऐकलं नाही. ई-रिक्षात बसल्यावर पाहते तर हे चष्मा कपाळावर चढवून फोनमध्ये बोट घालून बसलेले.

"अहो, काय करताय?"

"क्लिअर करतोय. तो म्हणाला ना."

"काय क्लिअर करताय?"

"डेटा."

"अहो, तोच तर हवाय आपल्याला!" मी फोन हिसकावून घेतला. रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं. आजोबा घरापर्यंत रुसून बसले. "मला काय माहीत त्याला डेटा म्हणतात," एवढंच म्हणाले. बोट अगदी त्या बटणाजवळ पोचलं होतं.

घरी मी टिपणारं ॲप उघडलं. पडदा काळा झाला, मधोमध एकच ओळ उमटली: रूटची परवानगी नाकारली. आणि ॲप बंद. पुन्हा उघडलं, पुन्हा तेच. सेटिंग्जमध्ये जाऊन पाहिलं तर माइकची परवानगी होती, फोनची होती, फायलींचीही होती. सगळं दिलेलं, तरी नाकारली.

मी नोकरीत हजारो प्रस्ताव वर पाठवले, त्यातले कितीतरी परत आले. पण परत आलेल्या प्रत्येक फायलीवर कारण असे आणि खाली कुणाची तरी सही असे. भांडायचं तर कुणाशी ते कळत असे. इथे कोण नाकारतंय? का? कुणाकडे दाद मागायची? मी फोन बंद करून चालू केला, पुन्हा त्याचा तो इशारा वाचला, पुन्हा तीच ओळ. स्वयंपाक राहिला. आजोबांनी ब्रेड भाजून खाल्ला आणि मलाही दिला, हे त्यांच्या बाजूने नोंदवते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुमच्या बाबाला व्हिडिओवर गाठलं. तिकडे त्याची संध्याकाळ होती, दिवसभराच्या कामाने चेहरा उतरलेला.

"बाबा, तुम्ही अपडेट केलंत का फोन?"

"मी कशालाच हात लावलेला नाही," आजोबा म्हणाले.

"काल रिक्षात लावत होता," मी म्हटलं.

"ते वेगळं."

"आई, फोन बाबांच्या हातातून घे आधी."

अपडेट केलं की रूट पुसलं जातं, पण अपडेट झालेलं नव्हतं. फोनच्या आवृत्तीचे आकडे त्याने माझ्याकडून दोनदा वाचून घेतले. मग तोच कोड्यात पडला. इशारा येतोय म्हणजे कुलूप उघडंच आहे, अपडेट नाही म्हणजे रूट गेलेलं नाही, मग नाकारतंय कोण? माझा प्रश्न शेवटी त्याच्या तोंडून आला, याचं मला थोडं समाधान वाटलं.

"बरं, दुसरं सेटिंग्ज उघड," तो म्हणाला.

"दुसरं कुठलं?"

"दोन सेटिंग्ज आहेत ना त्यात. एक खरं. दुसरं मी ठेवलेलं, साधं चित्र असलेलं."

आजोबा माझ्याकडे बघायला लागले.

झालं होतं ते असं. आजोबांच्या बँकेचं ॲप रूट केलेल्या फोनवर चालायला तयार नसे. म्हणून रूटची परवानगी कुणाला द्यायची हे ठरवणारं जे मुख्य ॲप, त्याला तुमच्या बाबाने खोटं नाव देऊन लपवलं. नाव दिलं सेटिंग्ज. आणि आम्हाला सांगितलं नाही. पुढे आमच्या सोसायटीत ऑनलाइन फसवणुकीवर एक भाषण झालं. फोनमधली अनावश्यक ॲप काढून टाका, असं ते गृहस्थ कळकळीने सांगत होते. मी घरी येऊन दोन्ही फोन साफ करायला बसले. आजोबांच्या फोनमध्ये सेटिंग्ज दोन. एकाच विषयाच्या दोन फायली कचेरीत कधी चालू द्यायच्या नसतात. त्यातूनच पुढे सगळे घोटाळे होतात, हे आम्हाला नोकरीच्या पहिल्या वर्षी शिकवलेलं. खरं सेटिंग्ज फोन काढूच देत नाही. दुसरं त्याने मुकाट्याने काढू दिलं. म्हणजे जादाचं तेच, नाही का? मी ते काढलं.

"आई! परवानगी देणारंच तू काढून टाकलंस. आता ॲप विचारतंय, आणि उत्तर द्यायला कुणी नाहीच. मग नाही असंच धरलं जातं."

"त्यावर सेटिंग्ज लिहिलं होतं."

"लपवायचं होतं म्हणून."

"बँकेपासून लपवायचं होतं, की आईपासून?"

"अगं, मला काय माहीत तू आवराआवर करशील?"

"मला ओळखतोस ना तू?" मी म्हटलं. आजोबा यंत्राची कळ फिरवत हसत होते. त्यांच्यावरचा आळ पूर्ण उतरला होता. मी आजही म्हणते की मी बरोबर वागले. ज्या वस्तूवर खोटं नाव लावायचं, तिचं खरं नाव घरातल्या एका तरी माणसाला सांगून ठेवायचं असतं.

उपाय ऐकायला सोपा होता. ते मुख्य ॲप पुन्हा घालायचं. बाबाने फाइल पाठवली. फोन म्हणाला, अनोळखी ठिकाणाहून आलेलं घालता येणार नाही. ती परवानगी दिली. मग म्हणाला, हे ॲप धोकादायक आहे. "खाली बारीक अक्षरात अधिक माहिती आहे, ते दाब. मग तरीही घाला, असं येईल." इतकी वर्षं मला सगळे बजावत आले होते की असलं काही दिसलं तर मागे फिरा. आता माझाच मुलगा सांगत होता की पुढे जा. मी पुढे गेले.

ॲप बसलं. टिपणारं ॲप उघडल्यावर या खेपेला एक चौकट आली: अमुक ॲप रूटचा अधिकार मागत आहे, द्यायचा का? सही करण्याआधी मजकूर पूर्ण वाचायचा, ही माझी सवय. मी पहिल्या शब्दापासून वाचायला लागले. नाकारा या बटणावर आकडे उलटे उतरत होते, ते मी पाहिलंच नाही.

"अगं दाब ना!" आजोबा.

"आई, दे! परवानगी दे!"

"वाचू तरी दे!"

चौकट नाहीशी झाली. काळा पडदा, तीच ओळ. वेळेत उत्तर न दिल्याबद्दल फोनने माझ्या वतीने नाही सांगून टाकलं होतं. मी फोन टेबलावर आपटला नाही, एवढंच. दुसऱ्या वेळेस न वाचताच दाबलं. असं मी आयुष्यात पहिल्यांदा केलं.

आणि यादी उघडली. पानभर रविवार, खाली सरकवावेत तितके. मी सगळ्यात जुना लावला आणि मोठीचा आवाज आला, इतका बारीक की मी ओळखलाच नाही. आजोबांनी ओळखला. ती कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक सांगत होती, आणि मराठीत, मधे एकही इंग्रजी शब्द न घालता, भांडणासकट. पलीकडे तुमचा बाबाही ऐकत होता.

मग मी अलीकडचे लावले, धाकट्यासाठी. तारीख होती, वेळ होती, किती मिनिटं बोलणं झालं तेही होतं. आवाज नव्हता. दुसरा लावला, तिसरा लावला. एक तर बराच लांबलचक होता, तो मी शेवटपर्यंत ऐकला. काहीच नाही. परवानगी देणारं गेल्यापासून ॲप दर रविवारी नुसती नोंद करत होतं आणि आत काही भरत नव्हतं. मी आवराआवर केली तेव्हा धाकटा फोनवर बोलायला नुकता लागला होता. त्याच्या आधी तो नुसता श्वास घ्यायचा आणि फोन बहिणीकडे द्यायचा. म्हणजे तो मराठी बोलत होता ते जवळजवळ सगळे रविवार त्या रिकाम्या नोंदींत आहेत.

"काही करता येईल का?" मी विचारलं.

"नाही आई. टिपलंच गेलं नाही, तर काढणार कुठून?"

या एका उत्तराला कारण होतं आणि देणारा माणूसही समोर होता. तरी समाधान झालं नाही. मी तुमच्या बाबाला त्याच्या लपवालपवीबद्दल आणखी बोलले, तोही मला माझ्या टापटिपीबद्दल बोलला, आणि आजोबांनी यंत्र काढून ठेवलं. शेवटी आम्ही सगळं लॅपटॉपवर उतरवून घेतलं, रिकाम्या नोंदी सोडून.

तर मोठे, तुझी कित्येक वर्षं उरली आहेत. केक आहे, शाळेतली भांडणं आहेत, आजोबांना नीट ऐक म्हणून दटावणं आहे. धाकट्या, तुझं एकच उरलं आहे, बहिणीच्या हातातून फोन ओढून घेतलास तेव्हाचं. त्यात तू म्हणतोस, "आजी, मी बर्फ फ्रीजमध्ये ठेवलाय. तू आलीस की देणार." एवढंच आहे, पण ते पूर्ण आहे आणि स्वच्छ ऐकू येतं.