आजोबांचं कोपर

लोकांच्या घरात भांडी साठतात, साड्या साठतात. आमच्या घरात पिक्चरच्या डिस्क साठल्या, आणि एकेका डिस्कमागे एकेक किस्सा आला. डिस्क ठेवायला कपाट तरी आहे, किस्से कुठे ठेवू? म्हणून सांगून टाकते.

आम्ही सुरतेत नवागामला राहतो. आमचे हे पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये शेड मॅचिंग बघतात. म्हणजे पार्टीने दिलेल्या तुकड्यासारखाच रंग कापडाला आला की नाही, ते हे ठरवतात. रविवारी यांचे दोन दोस्त येतात. जिग्नेशभाई मोबाइल रिपेअर करतात, पाटील सर शाळेत शिकवतात. तिघांना एकच नाद, जुन्या पिक्चरच्या भारीतल्या डिस्क. पत्र्याचा चकचकीत डबा, आत पुस्तक, पोस्टर आणि मूळ निगेटिव्हवरून साफ केलेली प्रिंट. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, मिठाईचे डबे आहेत!

या नादाचं मूळ म्हणजे माझे सासरे. हे पाळण्यात असतानाच ते वारले. त्यांचा एकच फोटो होता, तो पुराच्या पाण्यात ट्रंकेसकट गेला. यांना बापाचं तोंड आठवतच नाही. पण गावाकडच्या बाजारात एकदा पिक्चरचं शूटिंग झालं होतं आणि सासरे कांद्याच्या गाडीपाशी उभे होते, असं सासूबाई सांगतात. तो पिक्चर टीव्हीवर लागतो. कांद्याची गाडी दिसते. गाडीशेजारी, अगदी पडद्याच्या कडेला, एक कोपर दिसतं.

बस. कोपर!

* * *

पाटील सरांनी मला समजावलं. "वहिनी, पिक्चर असतो रुंद आणि जुना टीव्ही चौकोनी. मग दोन्ही बाजू कापतात."

"म्हणजे सासरे कापले?"

"तसं म्हणू नका. पण हो."

सासूबाई वेगळंच म्हणायच्या. टीव्हीवर त्या कोपराची बाही निळी दिसते. "त्यास्ना सदरा हिरवा व्हता," त्या आपल्या अहिराणीत म्हणायच्या. "मना भाऊनी शिवीसन दिलता." आणि हे म्हणायचे, "आई, रंग मला कळतो, निळाच आहे."

मायलेकांचं एवढं एकच भांडण. घरात पाहुणा आला की आधी चहा, मग कोपर.

* * *

यांचा रंगाचा नाद सांगते. आमची परी झाली तेव्हा मला ती पिवळी वाटायला लागली. मला भीती लवकर वाटते. मी यांना म्हटलं, "बघा हो, पिवळी दिसते का?"

हे म्हणाले, "ट्यूबलाइटमध्ये सांगता येत नाही."

पोरीला गच्चीवर नेलं. उत्तरेचा उजेड खरा म्हणत तिकडे तोंड करून उभे राहिले. मिलमध्ये कापड बघतात तसं मान तिरकी करून बघितलं. मी रडायच्या बेतात.

"बेस बरोबर आहे," हे म्हणाले. "पिवळा एक पॉइंट जास्त आहे."

डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, थोडी कावीळ आहे, उतरेल. यांनी विचारलं, "किती पॉइंट?"

* * *

जिग्नेशभाईंचं सगळं लक्ष डब्याच्या कोपऱ्यांवर. डब्याचा कोपरा चेपला की त्यांच्या लेखी डिस्क मेली. एकदा ते नवीन डबा घेऊन आले. छातीशी धरलेला, वर रुमाल. मी स्वयंपाकात, परी रडत होती. म्हटलं, "भाई, जरा घ्या हो हिला."

त्यांनी एका हाताने परीला घेतलं. डबा माझ्याकडे दिला आणि म्हणाले, "भाभी, संभाळजो. खालून हात लावा. मान... म्हणजे कोपरा सांभाळा."

तेवढ्यात परीने त्यांच्या खिशातून डब्याबरोबर आलेली ओल शोषायची पुडी काढली आणि तोंडात घातली. मी किंचाळले. पुडी मी बोट घालून काढली, फाटली नव्हती. जिग्नेशभाईसुद्धा पांढरे पडले.

"भाभी," ते म्हणाले, "डबा कुठे टाकला?"

* * *

भारीतल्या डिस्कमध्ये एक सोय असते. पिक्चर चालू असताना तो बनवणारा माणूस मागून बोलत राहतो, हा सीन असा घेतला, तो तसा घेतला. हे तिघं भक्तीने ऐकतात. सासूबाईंनी अर्धा तास सहन केलं.

"हाऊ मानूस गप का बसत नई?"

"आजी, यांनीच तर पिक्चर बनवलाय," पाटील सर म्हणाले.

"मंग तव्हयच बोली लेवानं ना!"

* * *

हंसाबेन आमच्या शेजारीण. त्या म्हणायच्या, "मोबाइलमां बधुं आवे छे, डबे कशाला?" मलाही तेच वाटायचं. पोरीच्या डोक्यावर कपाट पडेल या भीतीने मी रात्रंदिवस कपाटाकडे बघत बसायची.

मग एकदा यांची आत्या धुळ्याहून आली. भाऊ बघायचा म्हणाली. टीव्हीवर त्या दिवशी पिक्चर नव्हता, म्हणून यांनी मोबाइलवर लावायला घेतला. महिन्याभरापूर्वी तिथे होता तो पिक्चर. आता नव्हताच. ॲपवाल्यांनी काढून टाकला होता, कुणाला न विचारता. आत्या चहा पिऊन परत गेली.

हे त्या दिवशी जेवले नाहीत. मी कपाटाला भिंतीत दोन खिळे जास्त मारून घेतले.

* * *

परी बोलायला लागली. नाक कुठे? नाकाला हात. कान कुठे? कानाला हात. लसीच्या वेळी नर्सबाईंनी लाडाने विचारलं, "आजोबा कुठे आहेत तुझे?"

परीने कोपर दाखवलं.

नर्सबाई म्हणाल्या, "दुखतंय का तिला तिथे?" मी म्हटलं, नाही. आणि परीची बाही खाली ओढली.

* * *

शेवटी त्या पिक्चरची भारीतली डिस्क निघाली. परदेशातल्या कुठल्या कंपनीने मूळ निगेटिव्ह शोधून, धुऊन, पूर्ण रुंद चित्र काढलं होतं. यांनी आधीच नाव नोंदवून ठेवलेलं. डबा आला. त्या गाडीपाशी भलताच माणूस निघाला तर? सासूबाईंना बीपी आहे. आणि यांचं काय होईल? एवढी वर्षं कोपर तरी होतं. मी म्हटलं, "राहू द्या ना, नका लावू."

यांनी खिडकीला चादर लावली.

रविवार दुपार. सगळे आले, हंसाबेनसुद्धा. सासूबाई पुढे पाटावर. मी गाऊनवरच, परी मांडीवर. जिग्नेशभाईंनी डिस्क कडेने धरून आत सरकवली.

बाजार आला. कांद्याची गाडी आली. कोपर आलं, आणि या वेळी ते तिथे थांबलं नाही. कोपराला खांदा होता. खांद्याला मान होती. एक पोरगेला माणूस कॅमेऱ्याकडे बघत उभा होता, हसू दाबत, आणि यांच्यासारखी मान तिरकी करून.

यांनी तिथेच थांबवलं.

"हिरवा आहे," हे म्हणाले. एवढंच.

पडद्याकडे पाठ न करता सासूबाईंनी स्वतःचा पदर सारखा केला आणि हळूच मला म्हणाल्या, "डोकावर पदर ले. तुना सासरा शे."

मी गाऊनवर. परीचं दुपटं ओढलं आणि डोक्यावर घेतलं.