वाहून गेलेली माती

निफाडजवळच्या आमच्या वरच्या वावरात आज मुलाने धरणातला गाळ टाकून घेतला. डंपर रिकामा झाला आणि ओल्या गाळाचा वास आला. तो वास मला ओळखीचा होता.

माझ्या तरुणपणी एका रात्रीच्या पावसात याच वावराचा बांध फुटला. काळी माती खालच्या धोंडूतात्यांच्या शेतात जाऊन बसली आणि आमच्याकडे मुरूम उघडा पडला. सकाळी वडील घमेले घेऊन खाली उतरले. मीही गेलो. तात्या तंबाखू मळत उभे होते.

"काय भाऊ, माझी माती न्यायला आला का?"

"माझी हाय ती. रात्री तुझ्याकडं मुक्कामाला आली."

"मंग पाहुणीला असं लगेच नेतात का? राहू दे ना चार दिस."

वडील हसले नाहीत. "कांदा कशात लावू, तात्या?"

तात्यांनी तंबाखू टाकून दिली. घमेले भरून त्यांनी स्वतः वडिलांच्या डोक्यावर ठेवले. दिवसभर आम्ही तिघांनी माती वाहिली. संध्याकाळी वडिलांनी वावराकडे पाहिले. मुरूम जवळजवळ तेवढाच दिसत होता.

"बास," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दगड रचून नवा बांध घालायला घेतला. आत राखण्यासारखे काही उरले नव्हते. हे तेव्हाही मला दिसत होते. तरी मी दगड देत राहिलो.

डंपरला वाट हवी म्हणून आज मुलगा तो बांध फोडू म्हणाला. मी नको म्हणालो. डंपर लांबून वळसा घालून आला.