खिडकी धंद्याकडे गेली

आमच्या दाजींइतका सरळ माणूस आयकर खात्याच्या वाट्याला आजवर आला नसेल, आणि इतका सरळ माणूस कुणा बाईच्या वाट्याला येऊ नये. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. फौजेतून हवालदार होऊन कुंडलला परतले आणि राहत्या घराच्या पुढच्या खोलीत पाण्याच्या जळालेल्या मोटारी तांब्याची नवी तार गुंडाळून भरून द्यायचा धंदा मांडला. उसाच्या मुलखात मोटार जळायला निमित्त लागत नाही, त्यामुळे धंदा चालला. मी सांगलीत कर सल्लागार. एकदा त्यांच्याकडे जेवण झाल्यावर सुपारी कातरत मी उगाच शहाणपणा पाजळला : "दाजी, घरात धंदा असला की त्या जागेचा खर्च उत्पन्नातून वजा होतो. घरपट्टी, वीज, डागडुजी, सगळं हिश्शानं. फक्त जागा निव्वळ धंद्याची पाहिजे. तिथं संसार नको." दुसऱ्या कुणी हे ऐकून ढेकर दिला असता. दाजींनी तो हुकूम मानला.

पंधरा दिवसांनी गेलो, तर पुढच्या खोलीच्या मधोमध, भिंतीपासून भिंतीपर्यंत, पिवळ्या ऑइलपेंटची रेघ. दोरी ताणून मारलेली, दोन बोटं रुंद. "त्या अंगाला धंदा, ह्या अंगाला संसार," दाजी म्हणाले. घरातली एकुलती एक मोठी खिडकी त्या अंगाला गेली होती. याच खिडकीत पाट टाकून अक्का सकाळी तांदूळ निवडायची. "मग आता गं?" मी विचारलं. "आता काय, अंधारात निवडायचं," अक्का म्हणाली. "सरहद्दीवरनं आलं, ते सरहद्द संगं घिऊनच आलं."

तिथून पुढे त्या घरात जे चाललं, ते सांगून मी सांगलीतल्या कितीतरी बैठकी हसवल्या आहेत. खोलीतला पंखा नेमका रेघेवर होता. दाजींनी त्या एका पंख्याला दोन बटणं बसवली, एक धंद्याचं, एक संसाराचं, आणि कुठलं किती वेळ चालू होतं ते वहीत लिहायला सुरुवात केली. दुपारी अक्का जरा आडवी झाली की पंखा संसाराचा व्हायचा. मग दाजी मोटार तशीच ठेवून अंगणात उन्हात जाऊन बसायचे, कारण संसाराचा वारा धंद्यावर खाणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. एकदा मांजर तांब्याच्या तारेच्या खोक्यात व्यालं. चार पिलं आणि ओरबाडणारी आई दाजींनी परातीत घालून रेघेपलीकडे नेऊन ठेवली. "बाळंतपण संसारात मोडतंय, पाव्हणं," मला म्हणाले, आणि हाताला हळद लावून घेतली. त्यांचा चुलतभाऊ एकदा लेकीच्या लग्नाची पत्रिका आणि जळकी मोटार एकदम घेऊन आला. त्याला आधी संसाराच्या बाजूला बसवून पत्रिका घेतली, चहा पाजला, मग बाहेर काढून धंद्याच्या दाराने पुन्हा आत घेतलं आणि "या, काय काम काढलंत?" असं अनोळख्यासारखं विचारलं. "आरं, तुझं डोस्कं तरी रेघेच्या कुठल्या अंगाला हाय?" तो ओरडला. दाजींनी त्यावर खरोखर विचार केला असावा, कारण त्यांनी टोपी काढून धंद्याच्या बाजूच्या खुंटीला लावली.

मार्च संपला की दाजी एसटीने सांगलीला यायचे. वर्तमानपत्रात गुंडाळलेली वही माझ्या टेबलावर ठेवून ताठ उभे राहायचे. "समदं चोख हाय. एक मिनिट इकडचं तिकडं न्हाई." मी म्हणायचो, "ठेवा." ते गेले की वही कपाटात.

आता जे सांगायचं आहे ते सांगतो. लहान धंदेवाल्यांसाठी कायद्यात एक सोपी वाट आहे. वर्षभराच्या एकूण धंद्याचा ठरावीक हिस्सा नफा म्हणून दाखवायचा आणि मोकळं व्हायचं. खर्च वेगळा दाखवायचा नाही, वजा करायचा नाही. जागेचं मोजमाप नको, विजेचा हिशेब नको. दाजींचा फॉर्म मी पहिल्या वर्षापासून याच वाटेने भरला. त्यात त्यांचं पैशाने काही बिघडलं नाही, उलट बरंच झालं, आणि माझं काम चहा निवायच्या आत उरकायचं. म्हणजे त्या पिवळ्या रेघेची गरज कुणालाच नव्हती. सरकारला नव्हती, मला नव्हती. पहिल्या वर्षी सांगायचा आळस केला. दुसऱ्या वर्षी लाज वाटली. पुढे तर रेघ पुसली गेली असती तर माझे किस्से बंद पडले असते.

यंदा ऑफिस बंद केलं. कपाट रिकामं करताना अकरा वह्या निघाल्या. रद्दीत घालण्याआधी एक सहज उघडली. पंख्याची मिनिटं, मांजराची नोंद, सगळं होतं. मधेच एका पानावर लिहिलं होतं : 'हिला ताप. खिडकीपाशी निजवले. दोन दिवस ती जागा घरगुती धरावी.' आणि पुढे कंसात, 'हिला तिथे बरे वाटते.'

मी कुंडलची एसटी धरली.

दाजींचे हात आता थरथरतात, त्यामुळे मोटारी येत नाहीत. तरी रेघ होतीच, कडा झिजलेली. मी खुर्चीवर बसलो तसे म्हणाले, "धंद्याचं बोलायचं का घरचं? तशी खुर्ची हलवा." मला ते ठरवता येईना. शेवटी खुर्ची रेघेवरच ठेवली आणि सगळं सांगून टाकलं. वाटलं होतं, ओरडतील, निदान जुनी फौजी शिवी तरी हासडतील. दाजी रेघेकडे बघत राहिले.

"मंजे खिडकी हिचीच हुती?" एवढंच त्यांनी विचारलं.

"हो."

ते उठले. आतला पाट आणून त्यांनी खिडकीखाली ठेवला, हाताने पुसला. "आवं, हिकडं या जरा," त्यांनी अक्काला हाक मारली. फौजेतल्या माणसाने बायकोला 'आवं' म्हटलेलं मी प्रथमच ऐकलं. अक्का सुपात तांदूळ घेऊन बाहेर आली. तिने एकदा पाटाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग रेघ ओलांडून, गुडघ्यावर हात देत, खिडकीत बसली. मी तिलाही सांगितलं. ती ऐकत होती, का तांदळात बोटं फिरवत होती, कळेना.

"बापू," ती शेवटी मला म्हणाली, "उजेड लय हाय रं हितं." थोडा वेळ तिने सूप डोळ्यांजवळ धरलं, लांब धरलं. "पन आता खडं दिसत न्हाईत."

दाजी तिच्याशेजारी खाली जमिनीवर बसले. "आन हिकडं," म्हणाले, आणि थरथरत्या हाताने सूप आपल्याकडे ओढून घेतलं.