झडतीची तालीम

एमोरी टार्व्हरनं आयुष्यभर लोकांचे चेहरे रंगवले. तरुणपणी फिरत्या नाटक कंपनीत जिवंतांचे, आणि कंपनी बुडाल्यावर अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात आपल्या गावी परतून मेलेल्यांचे. "मेलेले बरे," तो म्हणायचा. "रंग लावताना शिंकत नाहीत, आणि नायिकेला जास्त लाली का, म्हणून भांडत नाहीत."

आसपासच्या गावांत काळ्या वस्तीतलं कुणी गेलं की एमोरीला बोलावणं यायचंच. शवपेटी उघडी ठेवायची आणि सगळ्यांनी शेवटचं तोंड बघायचं, ही तिथली रीत. ते तोंड त्याच माणसाचं दिसायला हवं. बाजारातली पावडर गोऱ्या मढ्यांसाठी केलेली. काळ्या चेहऱ्यावर ती लावली की माणूस राख फासल्यासारखा दिसतो. म्हणून एमोरी आपली पावडर घरीच खलायचा, पांढऱ्या भुकटीत चिमूट चिमूट रंग घालून, आणि बाळाच्या खाऊच्या रिकाम्या बाटल्यांत भरून ठेवायचा. कशावर नाव नाही, चिठ्ठी नाही. कुठल्या बाटलीत काय, ते त्याच्या बोटांना ठाऊक.

त्याच्या आयुष्यातली सगळ्यात गाजलेली भूमिका मात्र चर्चच्या तळघरात झाली.

ती बसवली होती मिस लुव्हेनिया बॉयकिननं. निवृत्त मास्तरीण, चर्चच्या गायकवृंदाची मुख्य, आणि अख्ख्या गावाची जरब. एकदा पोलिसांनी तिच्या भावाची गाडी भर रस्त्यात सीटांसकट उसवून पाहिली. सापडलं काही नाही; शिवून मात्र कुणी दिली नाही. तेव्हापासून गावातली पोरं गाडी चालवायच्या वयाची झाली की मिस लुव्हेनिया त्यांना तळघरात गोळा करायची. घडीच्या खुर्च्यांची मोटार व्हायची. चालक एमोरी. आणि डोक्यावर भाताची चाळणी उपडी घालून पोलीस व्हायची ती स्वतः.

"हात कुठायत?"

"स्टिअरिंगवर, मॅडम."

"मॅडम कोण, मेल्या? मी साहेब आहे! दिसत नाही टोपी?"

पोरं खदखदा हसायची. मग ती खिडकीतून वाकल्यासारखी वाकायची आणि आवाजात साखर घोळायची. "गाडीत जरा नजर टाकली तर चालेल ना, काका?"

आणि एमोरी, कंपनीतला तो भरदार आवाज काढून, शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणायचा, "साहेब, झडतीला माझी संमती नाही. मला जायची मोकळीक आहे का?"

"बघितलंत?" चाळणी सरळ करत ती पोरांकडे वळायची. "तरी त्यानं हात घातलाच तर आडवं जायचं नाही, अंगाला हात लावायचा नाही. वाक्य पुन्हा म्हणायचं. उद्या कोर्टात उभं राहील ते हे वाक्यच. आणि एकदा 'बघा' म्हणालात, की दार तुम्हीच उघडलंत."

किती पोरं त्या खुर्च्यांवर बसून गेली. कुणी वाक्य विसरलं की एमोरी मागून पुरवायचा.

मिस लुव्हेनिया अंथरुणाला खिळली तेव्हा तिनं त्याला बोलावून घेतलं. "माझं तोंड तू करायचंस. दुसऱ्या कुणाच्या हाती दिलंस तर वर आलास की चाळणीनं बडवीन."

"शब्द देतो," तो म्हणाला.

ती गेली. शुक्रवारी संध्याकाळी चर्चमध्ये दर्शन ठरलं. दुपारी एमोरी करडा सूट चढवून, रंगाची पेटी शेजारच्या सीटवर ठेवून अंत्यविधीगृहाकडे निघाला. वाटेत भुईमुगाच्या शेतांमधल्या सरळसोट रस्त्यावर मागून निळे दिवे लागले.

शिपाई तरुण होता, गुळगुळीत दाढी केलेला, आणि गोड.

"रस्त्याच्या पांढऱ्या पट्ट्यावर चाक गेलं तुमचं, काका. एवढ्या घाईत कुठे?"

"मयताला, साहेब."

"अरेरे. घरचं कुणी?"

"घरच्यासारखंच."

"वाईट झालं. मग लांबवत नाही मी. गाडीत एक नजर टाकतो आणि सोडतो. हरकत नाही ना? नाहीतर अमली माल हुंगणारं कुत्रं मागवतो, मग बसावं लागेल दोघांनाही."

वाक्य जिभेवर होतं. हातसुद्धा स्टिअरिंगवर, तालमीतल्यासारखे. पण तिकडे ती चादरीखाली पडली होती, बिनरंगाची, आणि माणसं जमायची वेळ होत आली होती. कुत्रं कधी येणार, कुठून येणार! आणि गाडीत होतं तरी काय?

"बघा, साहेब," एमोरी म्हणाला. "लपवण्यासारखं काही नाही. तेवढं लवकर बघा."

शिपायानं पेटी उघडली. कुंचले, स्पंज, कंगवा. मग पांढऱ्या भुकटीची बाटली.

"हे काय?"

"पावडर. मेलेल्यांच्या तोंडाला लावतो मी."

"वा, काका! हे मी पहिल्यांदाच ऐकलं."

त्यानं चिमूटभर भुकटी प्लास्टिकच्या एका छोट्या पिशवीत टाकली, आतलं औषध फोडलं, हलवलं. पिशवी निळी झाली; शिपायाच्या हिशेबी निळं म्हणजे कोकेन. आयुष्यभर रंग कालवलेल्या माणसानं तो निळा पाहिला आणि त्याला एवढंच कळलं, की हा रंग आपल्या बाटलीतला नाही.

"अंत्यविधीगृहाला फोन करा, साहेब. बेड्या घालूनच न्या, पण आधी तिथे न्या. तिचं तोंड करू द्या, मग म्हणाल तिथे येतो."

"काका," शिपाई कमरेच्या बेड्या बाहेर काढत, अजून तितकाच गोड, म्हणाला, "आत्ता तर म्हणालात, लपवण्यासारखं काही नाही."

न्यायाधीश सोमवारी येणार होते. तोवर एमोरी आत.

तिकडे अंत्यविधीगृहाच्या मालकाच्या भाच्यानं बाजारची पावडर थापली. दर्शनाला पहिली आली मिस लुव्हेनियाची बहीण वर्डेल. तिनं एकदा वाकून पाहिलं आणि म्हणाली, "ही माझी लुव्हेनिया नाही. झाकण लावा." त्या चर्चमध्ये असं कधी झालं नव्हतं. लोक रांगेनं आले आणि लाकडाला हात लावून गेले. शनिवारी मिरवणूक निघाली तेव्हा पुढे पोलिसांची गाडी दिवे लावून रस्ता मोकळा करत होती. रीतीप्रमाणे, अदबीनं.

बचावासाठी सरकारी खर्चानं एक वकील मिळाला. भला होता बिचारा. सगळं ऐकून त्यानं चष्मा काढला. "तुम्ही नाही म्हणाला असतात, तर माझ्या हातात काहीतरी असतं, मिस्टर टार्व्हर. तुम्हाला माहीत नव्हतं का, की नाही म्हणता येतं?"

एमोरी हसला. त्या हसण्यानं वकील दचकला.

कित्येक महिन्यांनी प्रयोगशाळेतून उत्तर आलं: शंखजिरं आणि रंग. खटला मिटला. बाटल्या तेवढ्या परत आल्या नाहीत. पुरावा म्हणून नष्ट झाल्या होत्या. वर्डेल भेटायला आली. "ब्रदर एमोरी, मी तुला दोष देत नाही हं."

"दे की, बाई," तो म्हणाला. "कुणीतरी द्या."

पुढच्या वर्षी पोरांची नवी तुकडी तळघरात जमली. एमोरीसाठी चालकाची खुर्ची पुढे ओढलेली होती. त्यानं ती एका उंच, धीट मुलीला दिली आणि खिळ्याला लटकवलेली चाळणी स्वतःच्या डोक्यावर घातली.

"गाडीत जरा नजर टाकली तर चालेल ना, पोरी?"

"साहेब, झडतीला माझी संमती नाही," मुलीनं ठणकावलं. टाळ्या पडल्या.

एमोरी हलला नाही. तो आणखी वाकला. आवाज इतका मऊ, की खुर्ची ओढायची सोडून सगळे ऐकू लागले.

"बरोबर आहे तुझं. पण घाईत दिसतेस. कोण वाट बघतंय?"

"आजी," मुलगी म्हणाली. "दवाखान्यात आहे."

"अरेरे. एकटीच आहे का गं ती?"

मुलीनं मान हलवली. ते खरंच होतं.

"मग कशाला उशीर करतेस? एक नजर टाकतो. लगेच सोडतो. जा तिच्याकडे."

तिनं इकडेतिकडे पाहिलं. मागून वाक्य पुरवणारं आज कुणी नव्हतं.

"बघा," ती पुटपुटली.

कुणी हसलं नाही. एमोरीनं चाळणी काढली, घाम पुसला, पुन्हा घातली.

"रड नंतर," तो म्हणाला. "हात स्टिअरिंगवर. पुन्हा पहिल्यापासून."