खोली सहा जणांची

"ऊठ. आयांना इथं बसायची परवानगी नाही."

रखवालदाराने हे तमिळमध्ये सांगितलं, आवाज न चढवता. मी पोहायच्या तलावाकाठी पांढऱ्या खुर्चीवर बसले होते. मांडीवर भाच्याचा टॉवेल. माझा धाकटा भाऊ छातीभर पाण्यात उभा होता, माझ्यापासून दोन हातांवर. त्याने ऐकलं. मी त्याच्याकडे पाहिलं. आता तो सांगेल, ही माझी बहीण आहे.

तो म्हणाला, "अक्का, ऊठ गे. सीन नको."

मी उठले. भिंतीला टेकून उभी राहिले. राग आला नाही, रडूही आलं नाही. सकाळपासून उभी होते, म्हणून पाय तेवढे दुखत होते. भाचा पाण्याबाहेर आला तेव्हा मी त्याचं डोकं पुसलं.

रखवालदाराचं काही चुकलं नव्हतं. माझ्या साडीवर तपकिरी बिल्ला टाचलेला होता. त्यावर नंबर होता आणि लिहिलं होतं, अटेंडंट. म्हणजे पाहुण्यांचं करायला बरोबर आणलेलं माणूस. तो बिल्ला मला माझ्या भावाने दिला होता.

आम्ही मूळचे तंजावरकडचे. घरात बोलतो ती मराठी निम्मी तमिळ आहे. ही पुस्तकातली मराठी मला वडिलांनी शिकवली, भावाने ती कधी मनावर घेतली नाही. तो इंजिनियर झाला, गिंडीला मोटारींचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मॅनेजर झाला, अण्णा नगरला फ्लॅट घेतला. माझा नवरा मी तेहतीस वर्षांची असताना गेला. मूलबाळ नव्हतं. भावजयीचं पहिलं बाळंतपण जवळ आलं तेव्हा भाऊ म्हणाला, "दोन महिने ये गे, अक्का." त्या दोन महिन्यांना तेरा वर्षं झाली. फ्लॅटला दोन खोल्या आणि हॉल. सगळ्यांची जेवणं झाली की टेबल सरकवून मी हॉलमध्ये अंथरूण घालायची. मला त्यात काही वावगं वाटलं नाही, खरंच सांगते.

त्याने समुद्राकाठच्या एका रिसॉर्टचं सभासदत्व घेतलं होतं. वर्षातून एक आठवडा खोली आपली. पहिली दोन वर्षं मी घर राखायला मागे राहिले. तिसऱ्या वर्षी भावजयीचे आईवडीलही निघाले. वडिलांना रक्तदाब, बाहेरचं मीठ चालत नाही. रिसॉर्टच्या खोलीला छोटं स्वयंपाकघर होतं. भाऊ म्हणाला, "अक्का, या खेपेला तूही चल." मी नवी साडी काढली. ट्रंकेच्या तळाशी होती, निळी.

काउंटरवरच्या मुलीने डोकी मोजली. भाऊ, भावजय, दोन मुलं, सासूसासरे, मी. पुन्हा एकदा मोजली.

"आरु पेर दान, सार," ती म्हणाली. सहाच जण, साहेब.

भाऊ तिच्याशी हुज्जत घालायला लागला. ती नम्रपणे नियमावर बोट ठेवून उभी. मग तीच म्हणाली, ड्रायव्हर आणि अटेंडंट मोजत नाही. त्यांची झोपायची सोय मागे आहे.

भावाने माझ्याकडे पाहिलं नाही. त्याने पेनाकडे पाहिलं. फॉर्मवर नाव, वय, सभासदाशी नातं, असे रकाने होते. माझ्या नावापुढे त्याने इंग्रजीत तो शब्द लिहिला. मग बिल्ला माझ्या हातात देत म्हणाला, "नुसतं पेपरांत गे, अक्का."

"झोपायला तुम्हाला वरच बोलावते," भावजय म्हणाली.

मी मान हलवली. मला कुणी वर बोलावलं नाही. सकाळी साडेपाचला मात्र फोन आला, सासऱ्यांना कॉफी हवी होती.

मागची ती सोय म्हणजे पत्र्याची लांबोळकी खोली. एका बाजूला ड्रायव्हर, मधे प्लायवूड, दुसऱ्या बाजूला बायका. तलावावरून उठवलं त्या दिवशी दुपारी मी तिथे पाणी प्यायला गेले. पुष्पा नावाची एक बाई खाली बसून जेवत होती. एका डॉक्टरांच्या जुळ्या मुली सांभाळायची. तिने सरकून जागा केली आणि विचारलं, "तू कुणाकडची आया?"

"मी आया नाही. मी बहीण आहे."

मी हे जरा जोरात बोलले. शिवाय ती सरकली होती त्या जागी बसले नाही, उभीच राहिले. तिच्या ते लक्षात आलं. तिने घास गिळला.

"मग इथं काय करतेस?"

टोमणा नव्हता तो. तिला खरंच कळलं नव्हतं.

"रविवारी सुट्टी देतात का?" तिने विचारलं.

"नाही."

"मला देतात," ती म्हणाली, आणि जेवायला लागली.

मी माठाकडे वळले. शेजारी स्टीलचे पेले उपडे घातलेले. प्रत्येकाच्या काठाखाली लाल रंगाचा ठिपका. पाहुण्यांच्या पेल्यांत मिसळू नयेत म्हणून. मी एक पेला उचलला आणि हातात धरून उभी राहिले.

हा ठिपका मी ओळखत होते. अण्णा नगरच्या घरी भांडी घासायला सेल्वी येते. तिचा पेला वेगळा असतो, खिडकीच्या कट्ट्यावर. त्याच्यावर असाच ठिपका आहे, भावजयीच्या नखांना लावायच्या रंगाचा. तो ठिपका मी लावला आहे. मला कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या मनाने लावला, सुकेपर्यंत फुंकरही घातली.

मला लाज वाटली. भावाची नाही, माझी. बाई आपल्याला आया म्हणाली याचा मला अपमान वाटला होता. तिने जागा केली होती, आणि मी माझं सोवळं सांभाळत उभी होते. तेरा वर्षं मला वाटायचं, मी ठिपका लावणाऱ्यांतली आहे.

मी त्या पेल्यातून पाणी प्यायले. मग पुष्पाशेजारी बसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी वर स्वयंपाक केला. रस्सम, बिनमिठाची भाजी, मुलांना बटाट्याचे काप. सहा जण टेबलाभोवती बसले. मी वाढायला लागले. एरवी खोलीत शिरताना मी बिल्ला काढून ठेवायची. त्या दिवशी ठेवला नाही.

"अक्का, तो काढलात तरी चालेल इथं," भावजय हळूच म्हणाली.

"राहू दे."

"काढ की गे," भाऊ म्हणाला. "बरं दिसत नाही."

"पेपरांत आहे ना?"

"ते नुसतं पेपरांत."

"मग पेपर बदल," मी म्हणाले. "खाली जा आणि सांग, ही माझी मोठी बहीण आहे."

तो हसला. मी हसले नाही, तेव्हा थांबला. "सात होतील, अक्का. नियम आहे. मग कुणाला तरी बाहेर झोपावं लागेल."

"हो."

इतकंच म्हणाले. कुणाला, हे त्याने बोलावं म्हणून भाताचं पातेलं धरून उभी राहिले. पातेलं गरम होतं. सासऱ्यांनी ताटात मान घातली. भावजयीने पाण्याचा जग इकडचा तिकडे केला. भाची तेरा वर्षांची. तिच्याच जन्माच्या वेळी मी आले होते. ती एकदा माझ्याकडे, एकदा बापाकडे बघत होती. भाऊ बोललाच नाही. बोलायची गरज नव्हती. कुणीतरी म्हणजे मी, हे त्या टेबलावर सगळ्यांना ठाऊक होतं. घरी भिंतीवर नियम लावलेला नव्हता, पण मोजणी तीच होती. तिथेही मी हॉलमध्ये, सगळ्यांचं आटोपल्यावर.

मी पातेलं टेबलावर ठेवलं. गॅसवर दूध होतं, ते बंद केलं. मागच्या खोलीतून पिशवी घेतली आणि काउंटरवर जाऊन बिल्ला परत केला.

मुलीने रजिस्टर पुढे केलं. नाव, वेळ, नातं. नात्याच्या रकान्यात मी तमिळमध्ये लिहिलं, अक्का.

तिने वाचलं. तिचा चेहरा उतरला. "असं लिहिलं तर सात होतात, अम्मा."

"होत नाहीत," मी म्हणाले. "मी जातेय. सहाच उरलेत."

समोरच्या गेटमधून बाहेर पडले. मागचं गेट आमच्यासाठी होतं, पण मी समोरच्याने गेले. रस्त्यावर ऊन होतं. शहराकडे जाणारी बस बऱ्याच वेळाने आली. भाऊ गेटपर्यंतही आला नाही.

ते सगळे परतल्यावर ट्रंक न्यायला अण्णा नगरला गेले तेव्हा सेल्वी भांडी घासत होती. मी तिचा पेला घेतला आणि सुरीने ठिपका खरवडला. ती बघत राहिली. "कशाला?" ती म्हणाली. "अम्मा परत लावतील." अम्मा म्हणजे भावजय. तिच्या बोलण्यात राग नव्हता, कौतुकही नव्हतं. पेला तिने होता तिथे, खिडकीत ठेवला. माझ्या खरवडण्याने तिचं काही बदललं नाही. मला माफी मागायची होती. मी ट्रंक उचलली.

आता मी मैलापूरला नोकरी करणाऱ्या मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक करते. फॉर्म मी स्वतः भरला. हुद्दा, स्वयंपाकीण. रविवारी सुट्टी. झोपायला चार बायकांची खोली आहे. दारावर चार नावं आहेत, चौथं माझं. खोलीला वारा नाही. गुडघे दुखतात. सुखात आहे असं मी म्हणणार नाही.

परवा भाऊ आला होता. आता मोठी खोली घेतली आहे, आठ जणांची. "चल, अक्का. आता तू बसतेस त्यात."

मी त्याला कॉफी दिली. आमच्या इथे सगळे पेले सारखे आहेत.

"जागा उरली म्हणून मी येणार नाही," मी म्हणाले. "मोजशील तेव्हा मला पहिली मोज. आईवडील गेल्यावर आपल्यात थोरली मीच, पहिली मीच आहे. जमत नसेल तर येऊ नकोस."

त्याने कॉफी अर्धी ठेवली आणि गेला. मी पेला धुतला, बाकीच्यांत लावला आणि रात्रीच्या भाताचं आधण ठेवलं. ज्या खोलीच्या कागदावर माझं नातं लिहिलेलं नाही, त्या खोलीत मी पुन्हा चूल पेटवणार नाही. आणि कुणाच्या पेल्यावर माझ्या हाताने पुन्हा ठिपका पडणार नाही.